अल्टरनेटरला लावलेला कान

"डोळे मीट. लोखंड कुठे कण्हतंय, तेवढं ऐक." काम शिकवणाऱ्या वस्तादांना जाऊन जमाना लोटला, पण कुठलंही इंजिन धडधडू लागलं की म्हाताऱ्या मिस्त्रीला तो आवाज अजून स्वच्छ ऐकू यायचा. हल्ली स्वच्छ ऐकू येणारा तेवढा एकच आवाज उरला होता, आणि हे त्याने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं.

नर्सबाईंची गाडी आठवड्यात दुसऱ्यांदा दारात उभी होती. मागच्या खेपेला त्याने बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या अंगावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली आणि ठणकावून सांगितलं, हा ठणठणीत आहे, बॅटरीच गेलीय. नवी बॅटरी बसली. तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात दिवे मंदावले, गाडी मुकी झाली. मागच्या सीटवर एक बाई कळा देत होती. कुणी वाटसरूने आपली गाडी थांबवली म्हणून निभावलं.

आजही दूरच्या वस्तीवर एक अवघडलेली बाई वाट बघत होती. नर्सबाई बॅग मांडीवरून खाली ठेवत नव्हत्या.

सुनेने बॅटरीला मीटर लावलं. इंजिन चालू, काटा चौदा व्होल्टच्या वर. आत्ता तर चार्जिंग होतंय, ती म्हणाली. मग वाटेत मध्येच कुठे तुटतं? आतलं बेअरिंग झिजलं असेल तर इंजिन थंड असताना मीटरला कळायचं नाही, कानालाच कळेल. आणि कान म्हणजे मामंजींचा.

"घरात चारदा हाक मारा, ओ देणार नाहीत," तिने नर्सबाईंना हसत सांगितलं. "पण इंजिनाची कुजबुज बरोब्बर ऐकतात."

मिस्त्रीही हसला. त्याने टोक टेकवलं, मूठ कानाशी नेली, डोळे मिटले. थरथर मनगटात आली, दातांत आली. कानात मात्र ओस पडलेलं घर. घरघर आहे की नाही? नीट आहे म्हणायला जीभ तयारच होती, मागच्यासारखी. खराब म्हणावं, तर नवा आणून बसवेपर्यंत दुपार उलटणार. त्या बाईला तेवढा दम निघेल?

डोळे उघडले तेव्हा नर्सबाईंचे ओठ हलत होते. निघू का काका, एवढं त्याने ओठांवरून ओळखलं.

त्याने स्क्रूड्रायव्हर सुनेपुढे धरला.

"तू ऐक, सूनबाई. मागच्या वेळी मी नुसता अंदाज ठोकला होता. दोन वर्षं झाली, मला धड ऐकूच येत नाही."