तळहातावरचे नऊ वॅट

उजेड

बल्ब लागला.

ना वायर, ना होल्डर, ना स्विच. शेंदराने माखलेला बल्ब रोशनीच्या ओल्या तळहातावर पिनांवर उभा होता आणि लख्ख पेटला होता. अधारतालच्या त्या हॉलमध्ये लोक खिडक्यांतसुद्धा बसलेले. सगळ्यांचे हात जोडलेले.

"नौ वॉट," बाबा म्हणाला. "बच्ची के अंदर नौ वॉट की शक्ति है. जिसके भीतर पॉवर हाउस हो, उसको सुई काहे की?"

रोशनी माझी भाची, दहावीत आहे. तिचं शरीर इन्सुलिन बनवत नाही. ते रोज पेनसारख्या सुईने द्यावं लागतं. नाही दिलं तर ती जगणार नाही, इतकं ते साधं आहे.

बाबाने तांब्याचं ताट पुढे सरकवलं. "वो पेन इधर रख दो, माई. ग्वारीघाट पर नदी में मैया को सौंप देंगे."

माझ्या आईने पिशवीत हात घातला. जेवणाआधीची सुई त्याच पेनमधून घ्यायची होती.

गर्दी

"मागच्यांना दिसून नाही राहिलं जी, खाली बसा."

"पोरीचं नशीब पाहा."

"आणि गुलाबरावांच्या हातावर काहून नाही लागला?"

"अडथळा आहे म्हणे त्यांच्यात. हवन सांगितलं."

संशय

रोशनीच्या आधी गर्दीतल्याच गुलाबरावांच्या हातावर बल्ब ठेवून पाहिला, तेव्हा बाबाने हातावर अंगारा ठेवला होता. कोरडा. रोशनीच्या हातावर तीर्थ.

आपल्याकडे तीर्थ घेतलं की ओला हात डोक्यावरून फिरवतात. रोशनीचा हातही सवयीने वर गेला होता. बाबाने तो मनगटाशी धरला. "नहीं नहीं, हाथ मत पोंछना." देवाच्या माणसाला आमच्या रीतीचा एवढा धाक कशाला?

"आत्या," रोशनी माझ्या कानाशी आली, "तीर्थ खारट होतं."

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. प्रॅक्टिकल उरकून थेट आले होते, व्होल्ट-करंट मोजायचं मल्टिमीटर पर्समध्येच होतं.

"मोजायचं?" मी विचारलं.

ती बल्ब परत देईना. "बाबाजी, एक मिनट. नौ वॉट नाप लेते हैं."

"शक्ति नापी नहीं जाती, बेटा."

"वॉट तो नापते हैं," रोशनी म्हणाली. "आपने ही वॉट कहा."

कोणीतरी हसलं. बाबा नाही हसला.

आकडे

मीटरची एक तार बल्बच्या एका पिनेला, दुसरी दुसऱ्या पिनेला. तळहात तसाच ओला.

तीन व्होल्ट.

मग करंट. एक पिन हातावर, दुसरी हातापासून उचललेली; त्या पिनेपासून हातापर्यंतची वाट आता मीटरमधून. साठ मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचे दहा लाख भाग केले तर त्यातले साठ.

"व्होल्टला करंटने भागायचं," रोशनी मोठ्याने म्हणाली, वर्गात म्हणतात तशी. "रोध, पन्नास हजार ओहम. हा माझा ओला हात. आणि शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले करंट."

"किती?" गुलाबराव पुढे सरकले.

"शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य अठरा वॅट."

"नऊ नाही?"

"काका, हा बल्ब तीन वॅटचा उजेड देतो असं धरलं, तरी हातातून जातंय त्याच्या सोळा हजार पट ते होतं. बाकीचं कुठून येऊन राहिलं?"

"मशीन झूठ बोलती है," बाबा म्हणाला.

"चलो," रोशनी म्हणाली, "मग मशीन नको."

प्रसादाच्या ताटात सिंगाडे होते. तिने एक सोलला, तीर्थात बुडवला आणि दोन्ही पिनांना टेकवला.

बल्ब लागला.

"सिंगाड्याला पण सुई नको म्हणा," गुलाबराव म्हणाले.

पोट

माझा भाऊ योगेश, रोशनीचा बाप, इतका वेळ हात जोडून उभा होता. त्याने बल्ब घेतला आणि बल्बची पांढरी टोपी फिरवून काढली. आत बोटाएवढी बॅटरी. शेंदूर नखाने खरवडला तर खाली छापलेलं: रिचार्जेबल. लाइट गेल्यावर लागणारा इमर्जन्सी बल्ब, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. दोन पिनांमध्ये करंटला थोडी वाट मिळाली की आतली बॅटरी दिवा पेटवते. मिठाच्या पाण्याने ओला हात ती वाट देतो. कोरडा, राखेने माखलेला हात देत नाही. कोणात शक्ती आणि कोणात अडथळा, हे बाबा तीर्थाच्या पळीने ठरवत होता.

बाबा मागच्या दाराकडे निघाला. दाराशी गुलाबराव आधीच उभे होते. "बसा जी. हवनाचं बोलायचं आहे."

सुई

आईचा हात अजून पिशवीत होता.

"मी पोरीचं वाईट चिंतलं का गं, विनीता?"

"नाही, आई."

"ती वाचावी म्हणूनच आले होते."

"हो. म्हणूनच ते पेन तिला दे."

तिने पेन काढलं आणि ताट ओलांडून रोशनीच्या हातात दिलं. रोशनीने तिथेच, त्या गर्दीसमोर, पोटाला सुई लावली.

कोणी तुम्हाला औषध सोडा म्हणालं, तर त्याच्याशी भांडू नका. एवढंच विचारा, मोजून दाखवता का? रक्तातली साखर मोजता येते, व्होल्ट मोजता येतात, हातातून जाणारा करंटही मोजता येतो. मोजू देत नसेल, तर उठा. आपलं औषध घ्या आणि घरी चला.