पहिले सहा आकडे

मित्रांनो, मी शिलाई मशीनच्या खणात पडलेलं एक जुनं, बंद झालेलं बँकेचं कार्ड आहे. माझ्या शेजारी बॉबिन, सुया आणि खडूचे तुकडे असतात. त्यांना अजून काम आहे, मला नाही.

कारखान्यात आम्ही हजारो भावंडं एकदमच जन्मलो. प्रत्येकाच्या अंगावर सोळा आकडे उमटले. त्यातले पहिले सहा म्हणजे आमचं आडनाव. हे कार्ड कोणत्या बँकेचं, एवढंच त्यावरून कळतं. आम्हा सगळ्या भावंडांचे ते सारखेच. माझी स्वतःची ओळख त्यांच्या पुढे सुरू होते. माझ्या मालकिणीला मात्र हे कुणी कधी सांगितलं नाही.

ती कपडे शिवायची. सगळे तिला टेलरमावशी म्हणत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. सुईत दोरा ओवायलाही मुलीला हाक मारावी लागे. ऑपरेशनसाठी तिनं चार वर्षं पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते, तारीखही मिळाली होती. मला ती फडक्यानं पुसून ठेवायची. इतका मान मला पुन्हा मिळायचा नाही.

कामावर जाताना मुलगी बजावायची, "आई, कार्डाचा नंबर कुणालाही सांगायचा नाही."

"एवढी काही मी दूधखुळी नाही," मावशी म्हणायची.

एका दुपारी फोन आला. "मावशी, बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड आज बंद होणार आहे. विश्वास नसेल तर नंबर मीच सांगतो, तुम्ही ताडून बघा."

त्यानं पहिले सहा आकडे सांगितले. मावशीनं मला खिडकीशी धरलं आणि डोळे बारीक करून एकेका आकड्यावर बोट ठेवलं. सहाच्या सहा जुळले. माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. अगं, ते तर कुणालाही ठाऊक असतात! पण मला तोंड कुठे होतं?

"बरोबर आहे हो," म्हणत तिनं उरलेले दहा सांगितले. मग तारीख, माझ्या पाठीवरचे तीन, आणि शेवटी फोनवर आलेला ओटीपी. घटकाभरात खातं धुऊन निघालं.

संध्याकाळी मुलगी कपाळाला हात लावून बसली. "नंबर सांगू नकोस म्हटलं होतं ना?"

"मी कुठे सांगितला? आधी त्यानंच सांगितला," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाई हळूच म्हणाल्या, "मावशी, हे सहा आकडे आमच्या हजारो कार्डांवर असतात."

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना नुसतं 'सांगू नका' म्हणून भागत नाही. शेजारी बसा, कार्ड हातात घ्या, कोणता आकडा काय सांगतो ते समजावा. आमच्या घरी तेवढा वेळ कुणी काढला नाही, आणि त्याचं फळ अजून संपलेलं नाही.

पुढे मुलीनं एका धर्मादाय दवाखान्यात मोफत ऑपरेशनसाठी आईचं नाव घातलं. महिन्याभरानं दुपारी फोन वाजला. "दवाखान्यातून बोलतेय. तुमचं नाव वाचते, बरोबर आहे का सांगा." मावशीनं ऐकलं आणि फोन ठेवला. तो पुन्हा दोनदा वाजला, तेव्हा तिनं बंदच करून टाकला. जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली.

"बोलली का नाहीस गं, आई?" मुलीनं रडत विचारलं.

मावशी मशीनवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "तिला माझं नाव माहीत होतं."