माझ्या अक्षरातला नाला

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी नाही, अख्खं गाव म्हणतं. कळमेश्वरच्या पलीकडच्या या गावात मी सून म्हणून आले, तेव्हा आमच्या आळीत दहावी झालेली बाई मी एकटीच. विजेच्या मीटरपासून हरवलेल्या रेशनकार्डापर्यंत सगळ्यांचे अर्ज मीच लिहिले. लिहिला की विसरले.

यंदा जानेवारीत आमच्या संत्र्याची तीनशे झाडं ताणावर होती. म्हणजे महिनाभर पाणी तोडून ठेवलेलं, पानं पिवळी पडलेली. आता दहा-बारा दिवसांत पाणी मिळालं तर झाड फुलानं भरतं, नाही मिळालं तर वाळतं. आमचं पाणी म्हणजे टेकडीवरून येणारा नाला. मनोहरराव, म्हणजे आमचे हे, पाट उघडायला गेले आणि तसेच परत आले.

"शामला, नाल्यात पाणी नाही वं."

"काहून? मार्चपर्यंत तर वाहते ना तो!"

आम्ही दोघं नाल्याच्या काठाकाठानं वर गेलो. टेकडीच्या पायथ्याशी नाला नव्हताच. मुरूम टाकून, दाबून सपाट केला होता. त्यावर चुन्याच्या रेघा, प्लॉटचे नंबर आणि 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी. झऱ्याचं पाणी पाइपातून प्लॉटवाल्यांच्या टाक्यात वळवलेलं. माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. अख्खा नाला असा कोणी गिळतं का?

घरी येऊन पदर खोचून अर्ज लिहायला बसले. 'आमच्या हक्काचा बारमाहीसारखा वाहणारा नाला बुजविला आहे, तो मोकळा करून मिळावा.' पुतण्याच्या ओळखीनं चौथ्या दिवशी नागपूरच्या जमीन कचेरीतल्या साहेबबाईंची भेट मिळाली. प्लॉट पाडणाऱ्या त्या लेआउटवाल्याला काय काय ऐकवायचं, याची मी बसमध्ये उजळणी केली.

लेआउटवाला रविंद्र आधीच येऊन बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर फाइल.

"नकाशावर इथे नाला दिसत नाही," मॅडम म्हणाल्या.

"उद्या नकाशात आमचं घर नाही दिसलं, तर आम्ही रस्त्यावर झोपावं काय मॅडम?" मी म्हणाले. मॅडमना हसू आलं. मला आणखी चेव चढला.

रविंद्रनं फाइलमधून एक जुना कागद काढून मॅडमपुढे सरकवला. "पंचवीस वर्षांपूर्वी मोजणी झाली, तेव्हा गावकऱ्यांनीच दिलेला अर्ज आहे."

मॅडमनी मोठ्यानं वाचला. 'सदर ठिकाणी नाला नाही. पावसाळ्यात थोडे पाणी ओघळते, एवढेच. जागा आमच्या लागवडीखालील आहे, तरी तशी नोंद व्हावी.' खाली अकरा सह्या. पहिली मनोहररावांची.

"हे सही माही नाही," हे म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला सगळं आठवलं. मोजणीत नाला लागला की दोन्ही काठांची जमीन सरकार घेणार, अशी तेव्हा आवई उठली होती. सगळे आमच्या ओसरीवर जमले. मी चहा केला. मग कोणीतरी म्हणालं, वहिनी, तुमचं अक्षर चांगलं हाय.

मॅडमनी आजचा अर्ज त्या कागदाशेजारी ठेवला. तीच लांब वेलांटी. तोच शेपटीवाला ळ. एकात नाला नाही, एकात आमच्या हक्काचा नाला. मॅडम एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सही ह्यांचीच हाय," मी म्हणाले. "अन् अर्ज मी लिवला, मॅडम. खोटा लिवला."

ह्यांनी मान खाली घातली.

मॅडमनी कोरा कागद पुढे केला. "हेच लिहून द्या. मी जागेची पाहणी लावते, पुन्हा मोजणी करवते. दोन-अडीच महिने धरा."

मी लिहिलं. त्याच लांब वेलांट्या, तोच शेपटीवाला ळ; फक्त आता खरं. ह्यांनी खाली सही केली, याही वेळी पहिली.

कचेरीत कधी तोंड न उघडणाऱ्या माझ्या नवऱ्यानं मग हात जोडले.

"मॅडम, झाडायजवळ आठच दिवस हायेत."