हार्लनच्या पुस्तकाला तीन दाणे

आमच्या गावात ताटातली शेवटची वडी कुणी उचलत नाही. जो तो तिचा अर्धा तुकडा कापून घेतो, पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी मुंगीलाही पुरणार नाही एवढं काहीतरी यजमानीण घरी परत नेते. उत्तर मिनेसोटात वाढलेल्या माणसाला 'मला हवं' आणि 'मला नको' ही दोन वाक्यं सोडून बाकी सगळं बोलता येतं. मीही त्यातलीच, फक्त माझं डोकं जरा लवकर तापतं.

महिन्यातून एकदा चर्चच्या तळघरात आमचं वाचक मंडळ जमतं. जुन्या गाजलेल्या कादंबऱ्याच वाचायच्या, असा मार्लिसचा दंडक आहे. लेखक मरून शंभर वर्षं झाल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नये, असं ती म्हणते. पूर्वी आम्ही सहाजण होतो. गेल्या हिवाळ्यात हजार पानांची एक कादंबरी निवडली आणि दोघीजणी गळाल्या. एकीने गुडघेदुखीचं कारण दिलं, जसं काही ही बाई गुडघ्यांनी वाचत होती. उरलो चौघं: मी, मार्लिस, आमच्याच वर्गात शिकलेला ऑर्व्हिल आणि आर्डिस.

आर्डिसचा नवरा हार्लन ऑक्टोबरात गेला. तेव्हापासून ती घराबाहेर पडते ती फक्त या मंडळासाठी. रविवारी चर्चला येत नाही, दुकानात जात नाही. सामान मीच पोचवते. महिन्यातून एकदा मी गाडी घेऊन दारात उभी राहते, तेव्हा ती कोट चढवून बाहेर येते. हे मंडळ मोडलं तर ती पडदे ओढून बसेल आणि पुन्हा उठणार नाही, ही धास्ती मला रोज खात होती.

जानेवारीच्या बैठकीत पुढची कादंबरी निवडायची होती. मार्लिसने एक सडपातळ पुस्तक आणलं होतं: तीन अविवाहित बहिणी आणि त्यांच्याकडे भाड्याने राहायला आलेला लफंगा कप्तान. ऑर्व्हिलने नेहमीप्रमाणे जहाज बुडणारं काहीतरी आणलं होतं. मग आर्डिसने पिशवीतून दोन्ही हातांनी एक ठोकळा काढला आणि टेबलावर ठेवला. टेबलावरचे कप हलले.

"हार्लनचं आहे," ती म्हणाली. एवढंच.

मी मागचं पान उलटून पाहिलं. बाराशे चाळीस! हे निवडलं तर मार्चपर्यंत मंडळ संपणार. नाही निवडलं तर आर्डिसला वाटणार, हार्लनला गावाने इतक्यात टाकून दिलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

आमच्याकडे मतदान राजम्याच्या दाण्यांनी होतं. प्रत्येक पुस्तकापुढे एक रिकामा कप, शेजारच्या स्वयंपाकघरात. एकेकाने आत जायचं, एक दाणा टाकायचा आणि हवापाण्याच्या गप्पा मारत बाहेर यायचं. मी आत गेले तेव्हा कपांवर बशा झाकलेल्या होत्या. मनात म्हटलं, आर्डिसचा एक दाणा असेलच, पण एकटा दाणा किती केविलवाणा दिसेल. तिच्या सोबतीला निदान माझा असू दे. बाकीचे दोघं काही एवढे खुळे नाहीत.

मार्लिसने कप बाहेर आणले आणि बशा उचलल्या. ऑर्व्हिलचं जहाज दाण्याविनाच बुडालं होतं. बहिणी आणि कप्तानाला एक दाणा. हार्लनच्या पुस्तकाला तीन.

ऑर्व्हिल कॉफीत बघत बसला. मग मार्लिसने तो एकटा दाणा चिमटीत धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चर्चची दानपेटी पळवली होती.

"ज्याला त्याला मत असतं म्हणा," ती म्हणाली, "पण या वर्षी तरी, व्हर्ना..."

झालं. डोकं तापलंच.

"माझा नाहीये तो!" मी ओरडले. "मी या ठोकळ्याला टाकलाय दाणा! आणि मला तो वाचायचा नाहीये! मेले तरी वाचायचा नाहीये! एकटा पडू नये म्हणून टाकला, कळलं?"

बोलून गेले खरी, पण आर्डिसकडे बघायची छाती होईना.

"अगं पण," मार्लिस पुटपुटली, "मीही त्यासाठीच टाकला. मला वाटलं, तू काही टाकणार नाहीस."

"मीसुद्धा," ऑर्व्हिल म्हणाला. "म्हटलं, या दोघी दगडाच्या काळजाच्या."

"दगडाच्या?"

"मग हा कुणाचा?" मार्लिसने दाणा वर धरला.

आर्डिसने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"माझा. मला त्या कप्तानाचं काय होतं ते बघायचंय."

"मग ही धोंड कशाला आणलीस बाई?" मी विचारलं.

"तुम्हाला हवं होतं ना! दफनानंतर जेवताना मार्लिस म्हणाली, हार्लनचं आवडतं पुस्तक आपण सगळे मिळून वाचू."

"काहीतरी बोलायचं म्हणून बोलले गं मी!" मार्लिस कळवळून म्हणाली. "हातात सँडविच होतं, सुचेल ते बोलले!"

"आणि आवडतं कुठलं?" आर्डिस म्हणाली. "एकोणीस वर्षं तो साठाव्या पानावर होता. उघडायचा आणि घोरायला लागायचा. मी तीनदा सुरू केलं, तीनदा रडले. हिवाळाभर याच्याबरोबर घरात बसायचं, हे मला झेपणारं नव्हतं. आज शेवटचं यायचं आणि मग मंडळ सोडायचं, असं ठरवूनच आले होते."

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हसू थांबेना, आणि मग आम्हीही सुटलो. ऑर्व्हिलला ठसका लागला. माझा जीव इतका भांड्यात पडला, की मला खुर्चीत नीट बसवेना. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या गावात तिचं सगळं खानदान नांदतं!

पुन्हा दाणे टाकायची गरजच पडली नाही. आर्डिसने ठोकळा उघडला आणि साठाव्या पानातून चामड्याची एक पट्टी काढली. हार्लनच्या मासेमारीच्या जुन्या हातमोज्यातून कापलेली होती ती. तिने ती कप्तानाच्या पुस्तकात पहिल्या पानावर ठेवली.

"हे तरी पुरं कर रे बाबा," ती म्हणाली.

मग ताटात उरलेली शेवटची लिंबाची वडी तिने उचलली आणि अख्खी खाल्ली. मार्लिसचा सुरीकडे गेलेला हात हळूच मागे आला.

घरी सोडताना बर्फ पडत होतं. तिच्या दारात गाडी थांबवली, पण ती लगेच उतरली नाही.

"उद्या दुकानात जाणार आहेस का गं?"

"जाणार आहे. काय आणू तुझ्यासाठी?"

"काही आणू नकोस," आर्डिस म्हणाली. "मी येते."