चंद्राबाईंचे तीन जीबी

शेतकऱ्यांच्या परदेश दौऱ्यासाठी भोर आणि वेल्हे तालुक्यांतून चौदा जण निवडले गेले, त्यात बाई एकच होती. वेल्ह्यातल्या पासली गावच्या चंद्राबाई. दहा दिवसांचा दौरा, व्हिएतनामची भातशेती बघायला, फेब्रुवारीत. चंद्राबाईंचं वय बावन्न, आणि विमान त्यांनी आजवर डोक्यावरून जातानाच पाहिलेलं.

निघण्याआधी गावातल्या बचत गटाच्या बायका जमल्या. वर्षानुवर्षं सोबत कंबर मोडून भातलावणी करणाऱ्या फुलाबाई त्यांना म्हणाल्या, "तू येऊन सांगशील, पर सांगितलेलं येगळं आन् बघितलेलं येगळं. आमाला तितनंच दाखव. काय इचारायचं ते आमी इचारू." ज्या दिवशी शेतात नेतील त्या दिवशी व्हिडिओ कॉल करायचा, आणि गावात जिथं बऱ्यापैकी रेंज येते त्या देवळाच्या टेकाडावर सगळ्यांनी थांबायचं, असं ठरलं.

शब्द देऊन बसल्यावर चंद्राबाईंना काळजी लागली. परदेशात नेटचे किती पैसे पडतात याच्या नाना गोष्टी त्यांच्या कानावर आल्या होत्या. त्या एसटीनं मार्गासनीला गेल्या. तिथं त्यांच्या भावाची मुलगी प्रेरणा मोबाईलचं दुकान चालवते. प्रेरणानं आत्याला काउंटरच्या आत स्टुलावर बसवलं आणि सगळं समजावलं. इथल्या सिमवर तिथं नेट चालू राहिलं की एकेका एमबीचे पैसे लागतात, म्हणून रोमिंगचा डेटा बंद ठेवायचा. फोनमध्ये दोन सिम बसतात, तेव्हा तिथलं सिम विमानतळावरच घ्यायचं. नकाशा आणि भाषांतराचं ॲप घरूनच भरून न्यायचं, म्हणजे ते नेटशिवाय चालतं. ज्या बटणांमुळे फोन आपोआप फोटो-व्हिडिओ ओढून घेतो ती बंद करायची, आणि दुसऱ्याला हॉटस्पॉट दिलाच तर त्याला मर्यादा घालायची.

प्रेरणानं स्वतः एकही बटण दाबलं नाही. दोन दुपारी आत्याकडूनच सगळं करून घेतलं, पुन्हा मोडलं, पुन्हा करायला लावलं.

हनोईच्या विमानतळावर उतरल्यावर पहिली अडचण आली. सिम घ्यायला पासपोर्ट लागत होता आणि सहलीच्या व्यवस्थापकानं सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून बॅगेत टाकले होते. बस उभी आहे, हॉटेलात वायफाय आहे, सिमची गरज काय, असं तो म्हणत राहिला. भोंगवलीचे हनुमंतराव गटातले सगळ्यांत मोठे बागायतदार. त्यांनीही समजूत घातली, की आपला प्लॅन मोठा आहे, तो जगात कुठंही चालतो, ताईंनी उगाच खोळंबा करू नये.

"हाटेलातलं वायफाय शेतात येत न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या. "माजा पासपोर्ट द्या. म्या सिम घेतल्याबिगर बशीत बसायची न्हाई."

दहा मिनिटांत सिम आलं. सगळ्यांत स्वस्तातलं, दहा दिवसांना मिळून तीन जीबी.

पहिले दोन दिवस त्यांनी ते जपून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मात्र चूक झाली, आणि ती त्यांची स्वतःचीच होती. पुण्यात नातवाचा पहिला वाढदिवस होता. घरच्या ग्रुपवरचे फोटो बघायचा मोह आवरेना, म्हणून बसमध्ये त्यांनी बंद केलेलं बटण चालू केलं, चार फोटो पाहिले आणि फोन पिशवीत टाकला. संध्याकाळपर्यंत ग्रुपवरच्या सगळ्या पाहुण्यांचे सगळे व्हिडिओ त्या फोननं ओढून घेतले. तीन जीबीतले तीनशे एमबी उरले. चंद्राबाईंना जेवण गेलं नाही. टेकाडावर जमणाऱ्या बायकांचे चेहरे त्यांना दिसू लागले. मग त्यांनी ते बटण बंद केलं, बाकीची एकेक तपासली, आणि तिथलं सिमच बंद करून ठेवलं. ते थेट शेताच्या दिवशी उघडायचं असं ठरवून टाकलं.

तो दिवस सहावा होता. बस शेताकडे निघाली तेव्हा हनुमंतराव आपला फोन पुन्हा पुन्हा चालू-बंद करत होते. त्यांचा मोठा प्लॅन परदेशात चालत नव्हता, जे चालत होतं ते जादा दरानं, आणि बिल मर्यादेच्या वर गेल्यामुळे कंपनीनं पहाटे लाइनच तोडली होती. त्याच पहाटे त्यांच्या मुलीला बाळंतपणासाठी भोरच्या दवाखान्यात नेलं होतं. हॉटेल सोडेपर्यंत एवढंच कळलं होतं. ते चंद्राबाईंच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी मुलीचं सांगितलं, पण नेट मागितलं नाही.

चंद्राबाईंना तीनशे एमबी आठवले. मग त्या म्हणाल्या, "तुमचा फोन द्या हिकडं."

त्यांनी हनुमंतरावांच्या फोनमधलं आपोआप चालणारं सगळं आधी बंद केलं, आपल्या हॉटस्पॉटला तीस एमबीची मर्यादा घातली आणि मगच फोन जोडून दिला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. हनुमंतरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. बारा एमबी खर्च झाले होते.

शेत सपाट होतं, नजर पोचेल तिथवर. एक मोठं यंत्र आठ आठ ओळी लावत चाललं होतं आणि सगळे त्याचे फोटो काढत होते. पासलीत साडेनऊ वाजले असताना चंद्राबाईंनी कमी डेटाचं बटण दाबून कॉल लावला. चित्र जरा अंधुक होतं, पण टेकाडावरच्या वीसेक बायका दिसल्या. त्यांनी यंत्र पाहिलं, त्यावरच्या तबकांत वाढवलेली रोपं पाहिली आणि चंद्राबाईंचं ऐकून घेतलं.

मग फुलाबाई म्हणाल्या, "चंद्रे, ह्ये यंतर आपल्या टीचभर खाचरात वळायचं कुठं? त्या शेतवाल्या बाईला इचार, कोपऱ्यात काय करता?"

हा प्रश्न चौदा जणांपैकी कोणाच्याच मनात आला नव्हता. शेताची मालकीण होआ नावाची बाई होती. चंद्राबाईंनी भाषांतराच्या ॲपवर प्रश्न बोलून फोन तिच्यापुढे धरला. होआ हसली, घरामागच्या पडवीत गेली आणि एक हलकं लोखंडी अवजार घेऊन आली. वर रोपं मांडायची, उभ्यानं ओढायचं, हातानं मूठ फिरवायची, की दोन ओळी रोवल्या जायच्या. यंत्र जिथं पोचत नाही तिथं ती हेच वापरायची. दौऱ्याच्या कार्यक्रमात ते कुठंच नव्हतं.

पुढची वीस मिनिटं पासलीनं होआला सोडलं नाही. वजन किती, रोप किती दिवसांचं, चिखल किती खोल, दाते कशाचे. चंद्राबाई चिखलात उतरल्या, त्यांनी स्वतः दोन ओळी ओढून दाखवल्या आणि टेकाडावर टाळ्या वाजल्या. हनुमंतराव आपला फोन धरून प्रत्येक भागाचे जवळून फोटो घेत होते, मापं सांगत होते. कॉल संपला तेव्हा एकोणचाळीस एमबी शिल्लक होते. व्यवस्थापकानं विचारलं, की हे अवजार सापडलं कसं? "माज्या गावानं इचारलं म्हणून," त्या म्हणाल्या.

परतल्यावर ते फोटो घेऊन चंद्राबाई मार्गासनीच्या सावळाराम लोहारांकडे गेल्या. पहिलं अवजार चिखलात रुतलं, दुसऱ्याचे दाते वाकले, तिसरं चाललं. जुलैत गटानं लावणीला आधी चंद्राबाईंचं खाचर धरलं. फुलाबाईंनी मूठ फिरवायला सुरुवात केली आणि मागं इंद्रायणी भाताच्या दोन सरळ ओळी उमटत गेल्या. बायका बांधावरून बघत होत्या. तासाभरात खाचर लावून झालं. फुलाबाईंनी अवजार खांद्यावर घेतलं आणि ताठ कण्यानं त्या पुढच्या खाचरात उतरल्या.