परक्या तोंडातला आवाज

वडिलांच्या सातव्या दिवसाची प्रार्थना आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एका चुलतबहिणीने लेनिराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ओलिंतोकाकांसारखा आवाज आता कुठे ऐकायला मिळणार. लेनिराने मान हलवली. घरी जाताना बसमध्ये तिने तो आवाज आठवून पाहिला. आठवला नाही.

घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी वडिलांचं स्वरयंत्रच काढलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून ते वहीत लिहून बोलायचे. कॉफी गार आहे. रेडिओ बंद करा. तुझ्या आईला सांग, मी मुका झालोय, बहिरा नाही. लेनिराला त्यांचं तिरकं अक्षर डोळे मिटूनही दिसायचं. त्या अक्षराखाली आवाज कधी गाडला गेला, ते मात्र तिला कळलं नव्हतं. घरात त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नव्हतं. तिच्या लग्नाचा व्हिडिओ होता, पण तो काढणाऱ्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यावर पियानो चढवला होता. त्यात वडील ओठ हलवत होते, हसत होते, आणि पियानो वाजत होता.

एकच जागा उरली होती, ती म्हणजे सिनेमा. साओ पाउलोत लग्नानंतरची आठ-नऊ वर्षं वडील दिवसा कापडाच्या दुकानात उभे राहायचे आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत जायचे. तेव्हाचे इथले सिनेमे चित्रित व्हायचे मुके, आवाज नंतर भरला जायचा. माणूस निवडायचे चेहरा बघून. आवाज त्याचा चांगला निघेलच असं नाही, म्हणून तो दुसऱ्या कुणाचा तरी लावायचे. फिल्मचा तुकडा कड्यासारखा गोल जोडून, ओठ जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवायचे. श्रेयनामावलीत आवाज देणाऱ्यांची नावं नसायची. कोणत्या सिनेमांत बोललो, हे वडिलांनी लेनिराला कधीच सांगितलं नाही. आईने सांगू दिलं नाही, हे जास्त खरं.

"नागड्या बायका आणि शिव्या, दुसरं काय असायचं त्यात," आई, म्हणजे दोना दिर्से, अजूनही म्हणायची. पाद्रीबाबांना तिने कायम कापडाचं दुकानच सांगितलं होतं.

त्या स्टुडिओतला एकच माणूस हयात होता. अदाउतो हे तिथले ध्वनिमुद्रक. ब्याऐंशी वर्षांचे होते आणि सांतोसला लेकीकडे राहायचे. लेनिराने फोन केला तेव्हा आधी ते ओलिंतोच्या विसरभोळेपणावर बराच वेळ बोलले, मग मुद्द्यावर आले.

"पोरी, आम्ही सगळे मिळून दहा जण. अख्खा ब्राझील आमच्या तोंडानं बोलायचा. दरोडेखोर पण आम्ही आणि फौजदार पण आम्हीच. कोण कुठं बोललं, ते कोण लिहून ठेवणार?"

आठ दिवसांनी त्यांच्याकडून टपालाने एक पेन ड्राइव्ह आला. त्यात त्या स्टुडिओचे त्रेचाळीस सिनेमे होते.

लेनिरा नगरपालिकेच्या ग्रंथालयात नोकरीला होती. साठलेली रजा तिने काढली आणि रोज दुपारी जेवणं झाली की आईच्या बैठकीच्या खोलीत एक सिनेमा लावून बसायला लागली. दूरदेशीची पुस्तकं तिने आयुष्यभर वाचली होती. आपल्या देशाचे हे सिनेमे मात्र कधी पाहिले नव्हते. ती वहीत टिपणं काढायची. ईशान्येच्या काटेरी रानातले चामडी टोप्यांचे दरोडेखोर. शहरात येऊन सगळ्यांना बनवणारा खेडवळ शेतकरी. उसाच्या मळ्याच्या मालकिणीला दिसणारं भूत. समुद्रकिनाऱ्यावरच्या इमारतीत चुकीच्या पलंगावर सापडणारे नवरे. काही सिनेमे इतके वाईट होते की ती ते वाईट आहेत हे विसरून बघायची. काही इतके चांगले होते, की ते आजवर आपल्याला कुणी दाखवले कसे नाहीत, याचा तिला राग येई.

बारा-तेरा सिनेमे झाल्यावर चेहरे मागे पडले आणि आवाज ओळखू यायला लागले. अदाउतोंचं म्हणणं खरं होतं. अमेझॉनचा नावाडी आणि रिओचा बँक मॅनेजर एकाच घशातून बोलत होते. तिने आवाजांना नावं दिली. एक घशात खडी असल्यासारखा खडीवाला, एक नाकातला. एक सारखा लाडात बोलणारा, शब्दांवर तेल ओतल्यासारखा. त्याला तिने अत्तरवाला म्हटलं. बायकांना फशी पाडणाऱ्या प्रत्येक देखण्या माणसाला हाच आवाज. तो लागला की ती टीव्हीचा आवाज कमी करायची.

तिसाव्या सिनेमापर्यंत वडील सापडले नव्हते. तिच्या ध्यानात एक साधी गोष्ट उशिरा आली. तिच्या कानावर पडला होता तो चाळिशी-पन्नाशीतल्या, सिगरेट ओढणाऱ्या माणसाचा आवाज. इथे बोलत होता तो सत्तावीस वर्षांचा पोरगा, तिचा बाप होण्याआधीचा. तो समोर बोलत असला तरी तिला कळणार नव्हतं. कळलं असतं एकाच व्यक्तीला, आणि ती व्यक्ती सिनेमा सुरू झाला की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

लेनिराने एकदा विचारलं. आई म्हणाली, मेलेल्या माणसाला अशा ठिकाणी शोधू नये.

चौतिसावा सिनेमा एका भामट्याचा होता. तो एका गावात येतो, महापौराच्या बायकोला नादी लावतो आणि कोंबडीचं हाड संताचं म्हणून चर्चला विकायला बघतो. भामट्याला आवाज अत्तरवाल्याचा. महापौराच्या बायकोच्या ब्लाउजच्या तिसऱ्या बटणापर्यंत तो आला, तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडलं. आई परातीत घेवडे निवडत होती, ती परात हातात धरूनच दारात उभी राहिली.

"हा तो," आई म्हणाली.

"कोण?"

"तुझा बाप. दुसरा कोण."

लेनिराने सिनेमा थांबवला. हाच आवाज आपण चौदा सिनेमांत ऐकला, त्यातल्या निम्म्या वेळा दाबला, हे तिने आईला सांगितलं नाही. तिने विचारलं, नक्की का. आईने परात टेबलावर ठेवली.

"माझ्याशी असंच बोलायचा मेला. दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा तीन मीटर पॉपलिन मागितलं, तर हा असा बोलला की मी पाच मीटर घेऊन आले." आईचे कान लाल झाले होते. "लाव की पुढं. थांबलीस कशाला?"

लेनिराने लावला. ती लक्ष देऊन ऐकत होती. आवाज देखणा होता, सराईत होता, आणि तिचा कुणीही लागत नव्हता. हा आईचा माणूस होता. वडील सापडले होते आणि ती होती तिथेच होती.

भामटा हाड घेऊन चर्चमध्ये गेला. तिथे म्हातारा घंटावाला होता. जिन्यावर बसून तो चपलेचा पट्टा शिवत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "कुठल्या संताचं म्हणालास?" मग म्हणाला, "बस बाबा, उभ्यानं कशाला खोटं बोलतोस."

लेनिराच्या हातातला रिमोट खाली पडला. तो थकलेला, जरा खरखरीत, शब्दाच्या शेवटी श्वास संपणारा आवाज. गृहपाठ झाला का विचारणारा. दारात कोण आलंय विचारणारा.

"आई, हे बाबा."

"हा? हे तुझे आजोबा." आई हसायला लागली होती. "अगं, म्हाताऱ्याचा आवाज देणारा आजारी पडला. मग यानं दोन्ही केले. आधी आठवडाभर घरात आपल्या बापाची नक्कल करत हिंडत होता. मी म्हटलं, पाप लागेल. माणूस तिकडे जिवंत आहे अजून."

"पण हे बाबाच आहेत. असेच बोलायचे."

आईने पडद्याकडे पाहिलं. भामटा हाडाची थोरवी सांगत होता आणि म्हातारा त्याला एकेका शब्दात उडवून लावत होता. आईचं हसू थांबलं.

"हो गं," ती म्हणाली. "पुढं पुढं तसाच झाला होता."

घंटावाल्याला सगळ्या सिनेमात मिळून सात वाक्यं होती. लेनिराने ती मागे नेऊन पुन्हा ऐकली, मग आणखी एकदा. पाचव्या खेपेला तिने डोळे मिटले. म्हाताऱ्याचा चेहरा गेला, आवाज राहिला. आईने तोवर घेवडे निवडून संपवले आणि परात बाजूला सारली.

"झालं तुझं?" तिने विचारलं. "आता माझा लाव."

लेनिराने सिनेमा अकरा मिनिटं मागे नेला, तिसऱ्या बटणापाशी, आणि या वेळी आवाज कमी केला नाही.