खाली राहणाऱ्याचं पदक

माझ्या काकांना ग्लायडिंगमधल्या आजीवन कामगिरीचं आंतरराष्ट्रीय पदक जाहीर झालं, तेव्हा ते स्वयंपाकघरात स्टूल धरून उभे होते. स्टुलावर काकू होती, बल्ब बदलत. आमच्या घरात उंचीवरची सगळी कामं काकूकडे असतात, कारण काकांना स्टुलावर चक्कर येते.

मी पत्र वाचून दाखवलं.

"चूक झालीये त्यांची," काका म्हणाले. "मी जन्मात कधी उडलेलो नाही."

"तू उडशील कसला," काकू वरून म्हणाली. "स्टूल धर नीट."

काका खोटं बोलत नव्हते. ग्लायडरला इंजिन नसतं. धावपट्टीच्या एका टोकाला ग्लायडर, आणि एक किलोमीटर लांब दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे पोलादी दोर गुंडाळणारं भलं मोठं चाक आणि त्याला जोडलेलं ट्रकचं इंजिन. विंचवाला दोर खेचतो, ग्लायडर पतंगासारखा चढतो, पुरेसा वर गेला की दोर सोडतो आणि आपल्या वाटेने जातो. बेचाळीस वर्षं काका लोकांना असं वर पाठवत होते, आणि लोक मागे वळून न बघता जात होते. काकांचीही तक्रार नव्हती. एक किलोमीटरवरून चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे कुणाशी बोलायची वेळ येत नाही, हा त्यांना या नोकरीतला मोठा फायदा वाटे.

अर्ज मी भरला होता. क्लबच्या कचेरीत बसते मी. 'उड्डाणाचे एकूण तास' या रकान्यात मी खरं तेच लिहिलं: शून्य. 'गाठलेली सर्वाधिक उंची': विंचच्या केबिनची दुसरी पायरी. 'या खेळात कोणाकोणाला मदत केली': सगळ्यांना. माझी अपेक्षा होती की समिती हसेल आणि अर्ज केराच्या टोपलीत जाईल. समितीला विनोद कळत नसावा. त्यांनी पदक दिलं.

काकांनी त्याच दिवशी नकार लिहिला. "पदक वर जाणाऱ्याला द्यावे. मी खाली असतो. कळावे." पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, "पोस्टात टाक. फुकटचं श्रेय मला पचणार नाही."

मी ते कचेरीतल्या ड्रॉवरमध्ये टाकलं, स्टेपलरखाली. काका रोज विचारायचे, "टाकलंस ना?" मी रोज म्हणायचे, "टाकलं."

तीन आठवड्यांनी समितीच्या अध्यक्षबाई स्वतःच हजर झाल्या. साठी ओलांडलेल्या, केस पांढरे, एका बुटाची नाडी सुटलेली. पदक पर्समध्ये, चष्म्याच्या घराशेजारी.

"कुठे आहेत ते?"

"विंचवर. पण उड्डाणं चालू असताना धावपट्टीवरून चालत जाता येत नाही, बाई. कुंपणाच्या कडेने सायकल जाते."

त्यांनी आकाशाकडे पाहिलं. "तू सायकलने जा. मी वरून येते. इथेच शिकलेय मी."

म्हणजे त्यांचा ग्लायडर दोराला जोडला जाईपर्यंतच माझ्याकडे वेळ होता. मी ड्रॉवरमधलं पाकीट उचललं आणि जिवाच्या आकांताने सायकल मारली.

केबिनमध्ये काका जाळीआड बसले होते, काकूने जुन्या पडद्याची शिवलेली उशी पाठीशी घेऊन.

"काका, पत्र टाकलं नाही मी."

"काय?"

"अध्यक्षबाई आल्यात. पदक घेऊन. पुढच्या ग्लायडरमध्ये त्याच आहेत."

काकांचे कान लाल झाले. "तुला अक्कल आहे का गं? आता बाईंच्या तोंडावर नाही म्हणू?"

"मग म्हणू नका."

"घरी चल, बघतो तुझ्याकडे."

तेवढ्यात वायरलेस खरखरला: दोर जोडला. काकांचं भांडण तिथेच थांबलं. इंजिन गुरगुरलं, दोर ताणला गेला, लांबवर पांढरा ठिपका हलला आणि उचलला गेला. मला बाकी काही कळलं नाही. काकांच्या भुवया मात्र वर गेल्या.

"अरे, ही तर घाईवाली!"

"कोण?"

"नाव कुणाला माहीत! ग्लायडरचं नाक फार वर घेते. बघ, दोर कुरकुरतोय." त्यांनी थ्रॉटल केसभर मागे घेतला. कुरकुर थांबली. "पहिल्यांदा एकटी उडाली तेव्हाही हेच. दोर तुटायच्या बेतात होता. चाळीस वर्षांत काडीची सुधारणा नाही."

ज्या बाईंना जगभरचे वैमानिक उठून नमस्कार करतात, त्यांच्याबद्दल हे चाललं होतं.

ग्लायडरने दोर सोडला, एक फेरी मारली आणि उतरून थेट आमच्या पुढ्यात येऊन थांबला. इथे उतरणं म्हणजे तो किलोमीटरभर मागे ढकलत नेणं. काका जाळीतून ओरडले, "इथे उतरायचं नसतं! आता हे धूड कोण ढकलणार?"

बाई कॉकपिटमधून हसत उतरल्या. "चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही हेच ओरडला होतात. मी आभार मानायला आले होते. घाबरून तशीच ढकलत गेले."

"कसले आभार?"

"माझं नाक फार वर गेलं होतं. तुम्ही खालून दोर सैल सोडलात. तेव्हा वाचले एवढंच कळलं होतं; कशी, ते पुढे मी शिकवायला लागले तेव्हा माझ्या ध्यानात आलं."

काकांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "म्हणजे वर कळतं होय?"

"उशिरा कळतं. पण कळतं."

काका दोन्ही पायऱ्या उतरले. माझ्या हातातलं नकाराचं पाकीट त्यांनी घेतलं, ग्रीसने माखलेले हात त्याला नीट पुसले, चुरगळून खिशात घातलं आणि मान पुढे केली. बाईंनी पदक घातलं. टाळ्या वाजवायला मी एकटीच होते, त्यामुळे जरा जास्त वाजवल्या.

मग वायरलेसवर विंच बंद असल्याचं कळवून आम्ही ढकलायला लागलो. बाई एका बाजूला, मी दुसऱ्या. काकांना मी पंखाचं टोक धरायला सांगितलं. ते अडखळले. ग्रीसचे हात पांढऱ्या पंखांना लागू नयेत म्हणून बेचाळीस वर्षांत त्यांनी कुठल्याच ग्लायडरला हात लावला नव्हता.

त्यांनी दोन बोटांनी टोक धरलं, अलगद उचललं आणि थबकले.

"एवढं हलकं असतं?" ते म्हणाले. "दोरावर तर प्रत्येक माणूस जड लागतो."